जिजीच्या हातची चव

"कांदा कोणी सोलला? मला तेवढं सांगा, हा कांदा सोलला कोणी?"

स्वयंपाकघरात आम्ही दोघंच होतो, जिजी आणि मी. त्यामुळे कांदा कोणी सोलला हे शोधायला पोलीस बोलवायची गरज नव्हती. पण जिजीला उत्तर कधीच नको असायचं. तिला फक्त विचारायचं असायचं, आणि तेही सातपूरच्या आख्ख्या वसाहतीला ऐकू जाईल असं. कंपनीचा भोंगा बिघडला की पहिली पाळी जिजीच्या आवाजावर सुटायची, असं मी लोकांना सांगतो. जे तिला ओळखत नाहीत ते हसतात. जे ओळखतात ते नुसती मान हलवतात.

"सालासकट टाकायचा असतो शेगडीत. वरून कोळसा झाला पायजे आणि आतून लोणी. आता हा नागडा कांदा मी विस्तवात टाकू का त्याला टॉवेल देऊ?"

बाहेरच्या खोलीत तात्या खुर्चीत सैलावून बसल्याचं मला इथूनही कळलं. त्यांच्या शेजारी सायखेड्याचे मामा, म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, सकाळपासून उपाशी बसले होते. "चला," तात्या समाधानाने म्हणाले, "रस्सा चालू झाला."

बिचाऱ्यांना माहीत नव्हतं की त्या रविवारी जिजी रस्सा करतच नव्हती. ती स्टुलावर बसली होती, उजवा हात मांडीवर ठेवून, एखादं झोपलेलं लेकरू ठेवावं तसा. पाट्यापुढे मी होतो. जिजी फक्त ओरडण्याचं काम करत होती, कारण ती ओरडली नसती तर बाहेर लगेच संशय आला असता.

जिजी म्हणजे माझी मोठी काकू. माहेर देवळ्याचं. नोकरीसाठी मी सातपूरला आलो तो थेट तिच्या माळ्यावरच्या खोलीत. तात्या तेव्हा कारखान्यात फिटर होते आणि आठवडाभर पाळ्या करून रविवारी त्यांना माणसं लागायची. सोमवार ते शनिवार ते यंत्रांशी बोलत, म्हणून रविवारी जो दिसेल त्याला म्हणत, "या की जेवायला." भाऊ, मेहुणे, कंपनीतले दोस्त, दोस्तांचे शेजारी. एकदा मीटर बघायला आलेला माणूस जेवून गेला, आणि पुढच्या रविवारी मीटर न बघताच आला. सगळ्यांना एकच हवं असायचं, जिजीचा काळ्या मसाल्याचा रस्सा. महिन्याच्या सुरुवातीला त्यात मटण असे, मधे अंडी, शेवटी शेव. आत काय पोहतंय याची कोणाला पर्वा नसे. वर तर्री हवी, बास.

हा रस्सा म्हणजे नुसता स्वयंपाक नव्हता, ती एक पाळीच होती, आणि तिला बदली कामगार नव्हता. मागच्या मोरीपाशी पत्र्याची शेगडी पेटवायची. तिच्यात कांदे पुरायचे. खोबऱ्याची वाटी चिमट्यात धरून अशी भाजायची की ती पेटून पुन्हा विझली पाहिजे. धने, मिरे, लवंग, दगडफूल, सगळं वेगवेगळं परतायचं, कारण जिजीच्या मते दगडफुलाचं आणि लवंगेचं एका कढईत पटत नाही. मग पाटा. वाटण असं व्हायला हवं की दोन बोटांत चोळलं तर काही लागू नये. मग तेल, मग ते वाटण तेल सोडेपर्यंत परतत राहायचं, आणि मग उकळतं पाणी. गार पाणी ओतणाऱ्याला जिजी घरात घेत नसे. "गार पाण्यानं तर्री रुसती," ती म्हणायची, "आणि तिची समजूत काढायला मला टाईम नाय."

जिजी बोलायची तशी शहराच्या भाषेत, निदान तिला तसं वाटायचं. पण पारा चढला की माहेर बाहेर यायचं. "काय कटकट शे ही," असं ती पुटपुटली की आम्ही ओळखायचो की आज कोणीतरी न सांगता दोन माणसं जास्तीची आणली आहेत. मग ती रश्श्यात पाणी वाढवायची आणि आवाजही.

रस्सा उकळायला लागला की ती पळीचं टोक कोणाच्या तरी तळहातावर टेकवायची. "मीठ सांग." आपण चाटून सांगायचं, कमी, बरोबर, किंचित टाक. ती स्वतः कधी चाखायची नाही. याची मी एक झकास कथा रचून ठेवली होती. जिजीला वाफेवरून मीठ कळतं, आपल्याला विचारते ती आपली परीक्षा घ्यायला, असं मी कंपनीत सांगायचो. लोक खरं मानायचे. मग मीही मानायला लागलो.

जेवायला ती सगळ्यांच्या नंतर. पुरुष उठले, बायका उठल्या, की ही आत भिंतीकडे तोंड करून बसायची. "राहिलं का तुला?" तात्या हात पुसता पुसता बाहेरून विचारायचे. "राहिलं," ती म्हणायची, आणि तेवढ्यावर तात्यांचं समाधान व्हायचं.

मग तिचा खांदा आखडला. उजवा. आधी वेणी घालता येईना, मग वरच्या फळीवरचा डबा काढता येईना. डॉक्टरने सांगितलं, या हाताला आराम द्या. घरात बैठक बसली. सायखेड्याचे मामा खास आले. बैठकीत सगळे बोलले, फक्त खांद्याबद्दल कोणी बोललं नाही. रश्श्याचं काय करायचं, हा विषय होता. तात्यांनी फार विचार करून एक तोडगा काढला आणि दुसऱ्या दिवशी बाजारातून आणलासुद्धा. जिजीसाठी लहान वरवंटा.

जिजीने तो हातात घेऊन पाहिला. "बरा हाय," ती म्हणाली. "तुमच्या डोक्यात घालायला हलका पडंल."

मग मिक्सर आला. मिक्सरमधल्या वाटणाचा रस्सा एका रविवारी झाला. सायखेड्याच्या मामांनी पहिला भुरका घेतला, डोळे मिटले आणि गावात कोणी गेल्यासारख्या आवाजात म्हणाले, "हॉटेलचा लागतो." एवढं पुरलं. मिक्सरला कापडाचं झाकण शिवलं आणि तो कपाटावर चढला, तो तिथेच आहे. जिजी पुन्हा पाट्यावर बसली.

"वहिनी, तुमच्या हाताला चव आहे, मशीनला कुठून येणार?" मामा म्हणाले.

"हाताला चव असती तर मी बोटं चाटत बसले असते," जिजी म्हणाली. "हाताला कळ हाय, भाऊजी. कळ."

मामा खूप हसले. जिजी काही बोलली की लोक हसायचेच. ती थकून बोलायची आणि आम्हाला वाटायचं विनोद करते. "रविवार ज्यानं काढला त्याला एकदा माझ्याकडं जेवायला आणा," ती म्हणायची, आम्ही हसायचो. "सुट्टी म्हंजी काय, तर तुम्ही समदे घरात असता तो दिवस," ती म्हणायची, आम्ही टाळी द्यायचो. हे सगळं हसण्यावारी नेणाऱ्यांत माझा आवाज पहिला असायचा.

एका रविवारी मात्र पाट्यावरून उठताना तिला उठताच येईना. मी हात दिला तर म्हणाली, "हा नको, दुसरा धर." त्या दिवशी पंगतीत तिने तात्यांना सरळ विचारलं, "मला सुट्टी कधी?"

तात्या चौथी भाकरी मोडत होते. मूड चांगला होता. "ज्या दिवशी दुसऱ्या कोणाच्या हातचा रस्सा मला असाच लागेल ना," ते म्हणाले, "त्या दिवसापासून तुला कायमची सुट्टी. हे सगळे साक्षीदार."

सगळे हसले. या वेळी जिजी पण हसली, आणि तिथेच मला काहीतरी शिजतंय अशी शंका आली.

दुसऱ्या दिवशी ती जिना चढून माझ्या खोलीत आली. तिला कधी जिना चढताना मी पाहिलं नव्हतं. "तू लई फुशारक्या मारतो," ती म्हणाली. "एक तरी खरी करून दाव."

मग माझी उमेदवारी सुरू झाली. तात्या तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते आणि सकाळी मित्रांबरोबर फिरायला जायचे. ते कोपऱ्यावर वळले की शेगडी पेटायची. माझं पहिलं वाटण एवढं जाड होतं की त्याने रस्ता दुरुस्त झाला असता. दुसऱ्या खेपेला खोबरं इतकं जळलं की शेजारणीने पाण्याची बादली घेऊन दार वाजवलं. जे बिघडलं ते आम्ही मोरीत ओतलं, आणि त्या मोरीत पुढे कित्येक दिवस झुरळ दिसलं नाही. जिजी स्टुलावर बसून ओरडायची. पण मधूनच तिचा आवाज बसायचा, डोळे मिटायचे, आणि मी वाटत असताना ती तिथेच बसल्या बसल्या झोपून जायची. वरवंटा थांबला की जागी व्हायची. "थांबू नको," म्हणायची. "तुझा आवाज येतो ना, तवर बरं वाटतं."

तर त्या रविवारी कांदा सोलला मीच. एवढ्या तालमी झाल्या आणि ऐन वेळी हात घाबरला. दुसरे कांदे काढले, सालासकट पुरले, पुढचं सगळं जिजीच्या शिव्यांच्या तालावर पार पडलं. उकळी फुटली तेव्हा पळी माझ्या हातात होती. मी टोक तिच्याकडे केलं, तर तिने माझाच तळहात पुढे ओढला. "तूच सांग मीठ," ती म्हणाली.

पंगत बसली. वाढायला जिजीच गेली, डाव्या हाताने. मी दाराआड उभा. तात्यांनी वाटी तोंडाला लावली. माझ्या कंपनीत मोठ्या साहेबाने यंत्र तपासताना सुद्धा मी असा फटीतून बघत उभा राहिलो नव्हतो. तात्यांनी वाटी खाली ठेवली, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "वा. आज तर कमाल केलीस. हे हात सोन्याने मढवले पाहिजेत."

"मग त्याचे मढवा," जिजीने दाराकडे हनुवटी केली. "सकाळपासून तोच बसलाय पाट्यावर. मी नुस्ती बोंबलत होते."

सायखेड्याच्या मामांचा भुरका अर्ध्यात अडकला. तात्यांनी माझ्याकडे पाहिलं, वाटीकडे पाहिलं. "तरीच," ते सावकाश म्हणाले, "दालचिनी किंचित पुढे आली होती."

"दुसरी वाटी वाढू का?" जिजीने विचारलं.

तात्यांनी वाटीच्या तळाला उरलेला रस्सा बोटाने पुसून चाटला. मग वाटी पुढे केली.

पुढच्या आठवड्यात जिजी देवळ्याला भावाकडे गेली. आठ दिवसांसाठी म्हणून गेली, आणि तिचे आठ दिवस अजून संपलेले नाहीत. तात्यांनी बरीच वाट पाहिली. फोनवर आधी रागावले, मग विनवण्या केल्या, शेवटी एक दिवस घराची किल्ली माझ्या हातात देऊन तेही बॅग घेऊन गेले. आता ते मेहुण्याच्या कांद्याच्या चाळीत राखणीला बसतात आणि जाणाऱ्या येणाऱ्याला जेवायला बोलावतात. तिथे रांधणं जिजीच्या वहिनीकडे आहे, आणि त्या माउलीने पहिल्याच दिवशी सांगितलं, "पाहुण्यांचं नाव घेऊ नका."

रविवार मात्र कुठेही गेला नाही. तो माझ्याकडे आला. सायखेड्याचे मामा येतात, कंपनीतले येतात, मीटरवाला येतो. माझ्या हाताला जिजीची चव आहे म्हणतात. हल्ली पाट्यावरून उठताना मी भिंतीचा आधार घेतो. शनिवारी संध्याकाळपासून मला जांभया येतात. काही बोललो तर सगळे हसतात.

मागे एकदा मी रस्सा केला, उभ्या डब्यात भरला आणि एसटीने देवळ्याला घेऊन गेलो. झाकणाला कणीक लावली होती, तरी आख्खी गाडी वासाने कासावीस झाली. कंडक्टरने तिकीट फाडताना पत्ता विचारून घेतला. मला एकच ऐकायचं होतं. दुनियेने शाबासकी दिली होती, पण जिजीने नव्हती दिली. तिच्या तोंडून एकदा, जमलं रे, एवढं ऐकलं असतं तर पुढचे हजार रविवार मी वाटत बसलो असतो.

जिजी ओट्यावर होती. तब्येत सुधारली होती. वेणी तिची तिने घातली होती, ती पण उजव्या हाताने. तिने डबा उघडला, तर्रीकडे पाहिलं आणि तात्यांना वाटी भरून दिली. भावाला दिली, वहिनीला दिली. मग स्वतःच्या ताटलीत भाकरी घेतली आणि वर तांब्यातलं दूध ओतलं.

"तू नाही घेत?" मी विचारलं.

"नको."

"अगं, एवढ्या लांबून आणला. चव तरी बघ."

"मला नाय आवडत रस्सा," जिजी म्हणाली.

तात्यांचा घास हातातच राहिला. तर्री बोटांवरून मनगटाकडे ओघळली, तरी त्यांना भान नव्हतं. "कधीपासून?" त्यांनी विचारलं.

जिजी दुधात भाकरी कुस्करत होती. तिने वर पाहिलं नाही.

"पहिल्यापासून," ती म्हणाली.