जुळलेला गडी

येडशी स्टेशनच्या रस्त्यावर माझी खानावळ आहे. शनिवारी संध्याकाळी तिथल्या टीव्हीवर परदेशी फुटबॉल लागतो आणि गावातली मंडळी एकेका चहावर दोन तास काढतात. त्यांना मी नियम घालून दिलेत. शिव्या नाहीत, टेबलावर पाय नाहीत, भजी मागवल्याशिवाय दुसरा चहा नाही.

त्या वर्षी त्यांच्या आवडत्या क्लबानं पस्तिशी उलटलेले दोन खेळाडू घेतले आणि वाद पेटला. आमच्याकडं असा वाद बैलबाजाराच्या भाषेत होतो. बैलाचं वय दातांवरून ठरतं. दुधाचे दात न पडलेला तो आदत, सगळे दात आलेला तो जुळलेला.

"आदतच घ्यावा. लई वर्षं राबतो," पतसंस्थेतला कारकून म्हणाला. "जुळलेल्यावर पैसा घालणारा क्लब म्हंजी येडाच."

"आदत शिकवंपर्यंत पेरणी निघून जाती," दूधवाला म्हणाला. "जुळलेला जुवाखाली मान घालतो अन् चालाया लागतो."

"चालतो व्हय. पळत न्हाय."

इथवर मलाही मजा वाटत होती. मग विषय गावच्या संघावर आला. रेल्वेच्या लोकांनी इथं कधीकाळी फुटबॉल रुजवला. संघ अजून आहे, पण पोरं बारावी झाली की पुण्याला जातात. नळदुर्गच्या स्पर्धेसाठी बचावाला माणूस मिळत नव्हता. दूधवाला माझ्या नवऱ्याकडं वळला.

"दादा, तुमी उतरा."

नवरा चाळिशी ओलांडलेला. तरुणपणी तो बचावालाच खेळायचा. आता हंगामात दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ढोकीच्या कारखान्याला ऊस वाहतो. क्लच दाबून दाबून डावा गुडघा कामातून गेला होता. घरी आला की मी तापवलेली वीट फडक्यात गुंडाळून शेक द्यायचे. हे आम्हा दोघांनाच माहीत होतं. मालकाला कळलं असतं तर ट्रॅक्टर गेला असता, आणि दिवाळीनंतर गाळप सुरू होणार होतं.

"आधी दादांचे दात बघा की," कारकून म्हणाला. नवऱ्यानं आ वासून दात दाखवले. सगळे हसले.

मी कढईपाशी होते. माझे वडील बैल घेताना दात बघायचे, पण सौदा ठरण्याआधी त्याला खडकाळ जागेवर चालवायचे. लंगडणारं जनावर मऊ मातीत ओळखू येत नाही. नवऱ्याला इशारा म्हणून मी म्हणाले, "दात काय बघताय? फरशीवर चालवून बघा."

"वहिनी सौदा मोडायला निघाल्या," दूधवाला म्हणाला.

नवरा उठला. दारापासून गल्ल्यापर्यंत ताठ चालत गेला आणि परत आला. वळताना सगळा भार उजव्या पायावर घेतला, ते मला दिसलं. "बघितलं? घाला नाव," तो म्हणाला.

मंडळी गेल्यावर मी विचारलं, "अहो, ट्रॅक्टरचं काय?"

"एकच तर स्पर्धा हाय."

"गुडघा दुखतोय म्हणा त्यांना."

"आत्ता चालून दाखवलं अन् सकाळी लंगडू? उद्याच मालकाच्या कानावर जाईल."

नळदुर्गला पूर्वार्धात त्यानं चांगला खेळ केला. उत्तरार्धात चेंडू अडवायला वळला आणि खाली बसला. कुणाचा धक्का नव्हता. दूधवाल्याच्या टेम्पोतून त्याला सोलापूरला नेलं. गुडघ्याच्या आतला बंध तुटला होता. ऑपरेशन झालं. क्लचचं पुन्हा बोलू नका, असं डॉक्टर म्हणाले.

मंडळी शनिवारी अजून येतात. नवऱ्याची खुर्ची भिंतीशी ठेवतात, त्याचा पाय स्टुलावर नीट लावून देतात आणि मग वाद घालतात.

गाळप सुरू व्हायच्या आधी ट्रॅक्टरचा मालक घरी आला. सोबत ढोकीचा नवा ड्रायव्हर होता. मालकानं पिशवीतून मोसंबी आणली होती. बराच वेळ तो उसाबद्दलच बोलत राहिला. मग म्हणाला, "आपल्या ट्रॅक्टरचा क्लच अर्ध्यावर पकडतो, हे तुमालाच ठावं. जरा सांगा ह्याला."

नवरा खाटेवर बसला होता. पाय वाकत नव्हता, म्हणून त्यानं तळहात खाटेवर दाबला आणि सावकाश उचलून दाखवला. नवा ड्रायव्हर समोर फरशीवर पाय टेकवून तसंच करू लागला.

"हळू," नवरा म्हणाला. "भरल्या ट्रॉलीला आणखी हळू."

ड्रायव्हरनं पुन्हा केलं. मालक मान खाली घालून बघत होता. मी तिघांचा चहा टाकायला आत गेले.