टाळ्या वाजवून दिलेली मुदतवाढ

आमच्या कल्याणच्या बास्केटबॉल क्लबात ठराव टाळ्यांनी मंजूर होतात. सचिव काका वाचून दाखवतात, पुढच्या रांगेतून कुणीतरी टाळ्या सुरू करतं, मग सगळेच वाजवतात. मीही वाजवायचे. आता वाटतं, चुकलं ते तिथेच, आणि त्या चुकीत मीही होते.

दोन वर्षांपूर्वी पुरुषांच्या संघाने ठाण्यातली एक स्पर्धा जिंकली. अंतिम सामन्याच्या शेवटच्या मिनिटात आमच्या कॅप्टनने, सगळे त्याला दादाच म्हणतात, लागोपाठ दोन बास्केट केले. सत्काराच्या दिवशी शाल झाली, नारळ झाला, आणि अध्यक्षांना इतकं भरून आलं की त्यांनी माइकवरच जाहीर करून टाकलं: दादाचा करार आणखी तीन वर्षं, मानधन दुप्पट. कार्यकारिणीत त्यावर आधी कुणी एक शब्द बोललं नव्हतं. हॉल दणाणला. झाला ठराव.

त्या सामन्याला मी गुण नोंदवायला टेबलावर होते. चुकलेले नेमही मी एका वेगळ्या वहीत लिहिते, ती माझी सवय. शेवटचे दोन बास्केट सगळ्यांना आठवत होते. त्याआधी दादाचे किती चुकले, ते फक्त माझ्या वहीत होतं.

दुप्पट मानधन कुठून तरी यायला हवं होतं. दोन महिन्यांनी आम्हा मुलींच्या कोच मॅडमना सांगितलं गेलं, "सध्या जमणार नाही." तेव्हापासून आम्ही सकाळी आपल्या आपणच प्रॅक्टिस करतो. "पाऊल बरोबर पडलं का गं?" असं एकमेकींना विचारतो, आणि खात्री कुणालाच नसते. मला मॅडम परत हव्या होत्या. बाकी काही नाही.

परदेशातल्या मोठ्या संघांबद्दल मी फोनवर वाचते. तिथेही हेच. एक मोसम चांगला गेला की जुना करार संपायच्या आत नवा देतात, आणि मग खेळाडू बाकावर बसला तरी पैसे चालूच. पण त्यांच्याकडे पैसा आहे. आमच्याकडे एक मॅडम होत्या.

यंदा करार संपायला वर्ष बाकी असताना सभेपुढे विषय आला: दादाला अजून दोन वर्षं, मानधन वाढवून. का, तर ठाण्याचा एक क्लब त्याला नेणार अशी चर्चा कुणीतरी टेंभी नाक्यावर ऐकलेली. दादाचा गुडघा दुखतो. दुसऱ्या हाफमध्ये तो बहुतेक बाहेरच असतो.

आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. मोहने गावात चाळीत राहतो, पप्पा शहाडला गोदामात माल चढवतात. क्लबची अर्धी फी सचिव काकांनीच माफ केलेली. आई म्हणाली, "त्यांनी तुला घेतलंय, विसरू नको. सभेत गप्प बस." मी हो म्हटलं. खरंच गप्प बसणार होते. तरी क्लबच्या नियमांची पुस्तिका वाचून गेलेले.

काकांनी ठराव वाचला. टाळ्या सुरू झाल्या. मी उभी राहिले.

"काका, माझा विरोध आहे."

टाळ्या हळूहळू विरल्या. काका हसले. "बाळा, आपल्याकडे विरोध नसतो. बस."

"आज आहे. लिहा."

मागून कुणीतरी म्हणालं, "कॉलेजवाली आहे रे, इंग्लिशमध्ये लिहा." हशा झाला.

मी वही उघडली. नुसते आकडे वाचत गेले. दादाने मारलेले नेम, त्यातले लागलेले नेम, बाकावरची मिनिटं.

"जिंकून दिलं त्याचा मान ठेवायचा की नाही?" काकांनी विचारलं.

"ठेवा. परत शाल घाला. पण आमच्या मॅडमचे पैसे त्यात घालू नका."

दादा भिंतीला टेकून उभा होता. "मी मागितलं नव्हतं," तो काकांना म्हणाला. "मागच्या वेळीही मला स्टेजवरच कळलं." मग माझ्याकडे वळला. "पण अगं, ही वही आधी मला दाखवायचीस ना."

ते मला लागलं. त्याचं बरोबर होतं. तरी मी बसले नाही. एकाचाही विरोध असेल तर हात मोजायचे, हा नियम मी वाचून दाखवला. काकांनी पुस्तिका माझ्याकडून घेतली, स्वतः पाहिली आणि हात वर करायला सांगितलं. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचे हात मांडीवरच राहिले. मुदतवाढीचा ठराव पडला.

लगेच मी मॅडमचा विषय काढला.

"तो आजच्या विषयपत्रिकेवर नाही," काका म्हणाले आणि रजिस्टर मिटलं.

मी तिथेच बसून अर्ज लिहिला. पुढच्या सभेत पहिला विषय, मुलींसाठी कोच. दोन प्रती केल्या. लोक खुर्च्या उचलून ठेवत होते.

"पोच द्या, काका."

"अगं, आपल्याच क्लबात पोच कसली?"

"द्या ना."

त्यांनी माझ्याकडे बघत सही केली आणि कागद सरकवला. मी तो वाचला आणि परत त्यांच्यापुढे ठेवला.

"तारीख राहिली," मी म्हटलं.