पाखाडीतला विसावा

गरोदरपणात सोनोग्राफीच्या पडद्यावर बाळाचं हृदय लुकलुकायचं आणि मी टक लावून बघत बसायचे. आपल्यालाही एक हृदय आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. शेवटी शेवटी रक्तदाब चढला, पायावर बोट दाबलं की खळगा पडू लागला, आणि दिवस भरायच्या आधीच रत्नागिरीत सिझर करावं लागलं. मुलगी सुखरूप झाली. सुटले एकदाची, असं समजून मी पावसजवळच्या माहेरी आले.

आमच्याकडे बाळंतिणीचं पोट जुन्या सुती साडीने बांधतात. ते काम आईचं, आणि ती आंब्याच्या पेटीला सुतळी आवळावी तशी मला आवळायची. काही दिवसांनी मला धाप लागू लागली. आडवं झालं की छातीवर कुणी बसल्यासारखं वाटे, उशांना टेकून बसलं की बरं.

"साडी घट्ट झाली गो," म्हणत आईने गाठ सैल केली. दुसऱ्या दिवशी आणखी सैल. मला मूळचीच चौकसपणाची खोड. मी साडी सोडूनच टाकली आणि आडवी होऊन बघितलं. धाप तशीच. म्हणजे दोष गाठीचा नव्हता. मी घाबरले, पण खरं सांगायचं तर कुतूहलही तेवढंच चाळवलं.

रत्नागिरीच्या हृदयाच्या डॉक्टरीणबाईंनी इको केला. कुशीवर पडल्या पडल्या मी सारखी मान वळवून पडद्याकडे बघत होते. "हलू नका हो," असं सांगून सांगून त्या थकल्या आणि शेवटी त्यांनी पडदाच माझ्याकडे वळवला. माझं हृदय! आतल्या झडपा उघडत होत्या, मिटत होत्या.

चढलेल्या दाबाविरुद्ध रक्त ढकलून ढकलून डाव्या कप्प्याची भिंत जाड झाली आहे, असं त्या म्हणाल्या. रक्त बाहेर फेकायची ताकद शाबूत आहे, पण ठोक्यानंतर हृदय चटकन सैल पडत नाही. त्यामुळे ते नीट भरत नाही आणि मागे फुप्फुसांत पाणी साठतं.

"बरं होईल?"

"बहुतेक होईल. गोळ्या घ्या, मीठ कमी करा. पण दाब उतरला म्हणून इकडे यायचं सोडू नका. हे हृदय पुढेही जपावं लागेल."

आमचं घर पाखाडीच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या पायऱ्यांच्या माथ्यावर आहे. परतताना बाळाला घेऊन आई पुढे, मी मागे थांबत थांबत. अर्ध्या चढणीवर आई नेहमीच्या दगडावर बसली. शेजारणीशी गप्पा मारायला ती तिथे बसते, असं मी लहानपणापासून धरून चालले होते. त्या दिवशी शेजारीण घरातच नव्हती. आई तोंडाने श्वास घेत होती.

"तुज्या वेळेला माजे पन पाय असेच सुजलेले गो," ती म्हणाली.

"मग कुणाला दाखवलंस?"

"दाखवायचं काय त्यात? तू झालीस, सूज उतरली."

मला भयंकर राग आला. कुणाचा, ते मात्र कळेना.

पुढच्या तपासणीत माझं हृदय बरंच सुधारलेलं दिसलं. मी टेबलावरून उतरले आणि तिथे आईला झोपवलं. ती ओशाळली होती, तरी पडद्यावरून तिची नजर हटेना.

"हलतंय ता माजं?"

"तुझंच."

डॉक्टरीणबाई बराच वेळ भिंतीची जाडी मोजत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "आजी, धाप कधीपासून लागते?"

आईने माझ्याकडे बघितलं. "ही झाली तेवापासून."