मेढीपुरती जागा

"अब्बा गेले," राशिदभाईंची मुलगी शबाना फोनवर एवढंच बोलली. एरवी त्यांच्या नाशकातल्या द्वारका चौकाजवळच्या वर्कशॉपमध्ये फोन लावला की ग्राइंडरच्या आवाजावर ओरडून बोलावं लागे. त्या सकाळी मागे काहीच वाजत नव्हतं, म्हणून खरं वाटलं... महिना झाला त्याला. अजून मी तो नंबर लावायला जातो आणि मग रिसीव्हर खाली ठेवतो.

राशिदभाई मूळचे मालेगावचे. यंत्रमागांची दुरुस्ती करता करता वेल्डिंग शिकले आणि नाशकात येऊन गेट, ग्रिल, ट्रॉल्या बनवू लागले. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी एका संस्थेत इंजिनिअर होतो. वयाच्या मानाने अक्कल कमी आणि आवाज मोठा. डोक्यात एक कल्पना घेऊन त्यांच्याकडे गेलो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर लोखंडी साचे बसवायचे, ट्रॉली सुरगाण्याच्या पाड्यावर न्यायची, तिथल्याच आदिवासींनी जाळी आणि सिमेंट भरून भिंती, छपराचे तुकडे, जमिनीच्या लाद्या ओतायच्या आणि जोडून घर उभं करायचं. एक पाडा झाला की हा फिरता कारखाना पुढच्या पाड्याला. म्हणजे घरंही होतील, आणि दिवाळी झाली की जीपमध्ये कोंबून गुजरातेत ऊसतोडीला जाणाऱ्यांना गावातच काम मिळेल. राशिदभाईंनी माझा नकाशा उलटासुलटा करून पाहिला. "साहब, कागज पे तो सब खडा रहता है," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागले.

साच्याच्या जोडावरून ते अंगठ्याचं नख फिरवत. नख अडलं की तो जोड कापून पुन्हा. पाड्यावरच्या बारा जणांना त्यांनी हेच शिकवलं. त्यात काशिनाथ सगळ्यांत तरबेज. दरवर्षी जीपमध्ये पहिला चढणारा हा माणूस त्या वर्षी वेल्डिंगची काच डोळ्यांवर धरून बसू लागला. तीन नमुना घरं उभी राहिली. दिवाळीनंतर घरकुल योजनेचे सरकारी अधिकारी तपासणीला येणार होते. घरांत कुटुंबं नांदताना दिसली तर अख्ख्या पाड्याचं काम या बारा जणांना मिळणार होतं. नाहीतर ते शहरातल्या ठेकेदाराकडे जाणार आणि आमचे साचे भंगारात. ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमाला हे पक्कं ठाऊक होतं. तो रोज जीप घेऊन पाड्याच्या तोंडाशी यायचा आणि नुसता हॉर्न वाजवायचा.

तपासणीला बारा दिवस उरले असताना आम्ही दोघं पाड्यावर गेलो. पहिल्या घरात नागलीची पोती. दुसऱ्यात शेळ्या. तिसऱ्याला बाहेरून कडी. माणसं आपापल्या जुन्या कुडाच्या घरात. माझं डोकंच फिरलं. काशिनाथवर ओरडलो, "शेळ्यांसाठी घरकुल बांधलं का मी?" बोलली ती त्याची आई, सकरीबाई. "सायब, मेढीबिगर घर नसतं."

मेढ म्हणजे घराच्या मधला लाकडी खांब. तिकडे आधी मेढ पुरतात, तिला तांदूळ-कुंकू वाहतात आणि मग घर तिच्याभोवती उभं राहतं. तो खांब मी मुद्दाम काढला होता. मधली जागा मोकळी मिळते हीच तर माझ्या नकाशाची शान! आणि हे बारा जणांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. "आधी का नाही सांगितलं?" मी विचारलं. काशिनाथ म्हणाला, "तुम्ही इचारलं नाय. आन् तुमाला वाईट वाटलं असतं."

मी समजावायला लागलो की हे घर खांबाशिवायही पडणार नाही. राशिदभाईंनी मला हाताला धरून बाहेर नेलं. "साहब, गिरने की बात कौन कर रहा है? वो अंदर आने की बात कर रहे हैं." मग मधल्या लादीच्या साच्यात त्यांनी पाइपची एक गोल कडी ठेवली. लादी ओतली की तेवढं भोक राहणार आणि त्यातून मेढ थेट मातीत जाणार. मी म्हटलं, निदान बोल्टवर लावा, नंतर काढता येईल. त्यांनी वेल्डिंग मारलं. "बोल्ट लगाया तो कल आप जैसा कोई निकाल देगा."

तीन नव्या लाद्या ओल्या गोणपाटाखाली आठवडाभर मुरत ठेवल्या. मग जुन्या मधल्या लाद्या काढून त्या बसवल्या. बाराव्या दिवशी सकाळी मेढी उभ्या राहिल्या, कुंकू वाहून झालं, चुली पेटल्या आणि तेवढ्यात अधिकाऱ्यांची गाडी आली. सकरीबाईच्या घरात शिरताच साहेब थबकले. "हा खांब कशाला? मंजूर नकाशात नाही." पाड्याच्या तोंडाशी हॉर्न वाजत होता. काशिनाथचे दोन साथीदार तिकडे वळून बघू लागले... साहेबांनी चुलीकडे पाहिलं. "खरंच राहता का इथं?"

सकरीबाईने तव्यावरची भाकर उलटली. "मंग काय शेळ्या राहत्यात?"

बारा जणांनी माना खाली घातल्या, हसू दाबायला. साहेबांनी मेढीला हात लावून पाहिला आणि सही केली. त्या वर्षी पाड्यावरून जीप रिकामी गेली.

एक गोष्ट मात्र मला इथे कबूल करायची आहे. अहवालात मी "रचनेत स्थानिक गरजेनुसार बदल केला" असं लिहिलं. कर्ता मीच, राशिदभाईंचं नाव कुठेच नाही. राशिदभाईंनी तो अहवाल माझ्याकडूनच वाचून घेतला होता, चहा पाजून. "अच्छा लिखा है," म्हणाले. मला आजही त्याची लाज वाटते. दहा-बारा वर्षं आम्ही पुढे एकत्र काम केलं, पण ती दुरुस्ती मी त्यांच्या हयातीत केली नाही.

परवा वर्कशॉपमध्ये गेलो. नव्या पाड्यासाठी घेतलेला साचा अर्धवट पडला होता. कडा बसवायच्या राहिल्या होत्या, मधली कडी मात्र आधीच जोडलेली. तिच्याशेजारी काशिनाथ उकिडवा बसला होता. पहाटेच्या एसटीने सुरगाण्याहून आलेला. शबानाने त्याला अब्बांची काच काढून दिली. त्याने साच्याच्या जोडावरून अंगठ्याचं नख फिरवलं, मान हलवली आणि कापायचं यंत्र मागितलं. मी बाजूला उभा होतो, नेहमीसारखा.

"सायब," तो म्हणाला, "उभं काय राहता? ते टोक धरा."

मी खाली बसलो आणि टोक धरलं.