झऱ्याची पडकई आणि ग्रँट

ग्रँट हा शब्द आता आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मला तो कळला झऱ्याच्या कामात. मढ गावाच्या वरच्या अंगाला आमची वाडी. वाडीच्या डोक्यावर झरा. त्याची दगडी बांधणी ढासळली आणि पाणी गाळातच मुरायला लागलं. मग उन्हाळ्यात आम्ही बाया हंडे घेऊन पार खाली ओढ्यात उतरायचो. चढताना गुडघे बोलायचे.

एका संस्थेच्या ताई आल्या. म्हणाल्या, "आजी, याला ग्रँट मिळेल."

"म्हंजी कर्ज का?"

"नाही हो, फेडायचं नाही. पण ज्या कामाला मागितलं, त्याच कामाला लावायचं."

मी म्हटलं, कळलं. पेरायला दिलेलं भात कांडून खायचं न्हाई. ताई हसल्या. अर्ज केला आणि फोटो काढायला परत येते म्हणून गेल्या.

आता आमच्याकडं पडकईची रीत. एकाच्या भातखाचराला बांध घालायचा तर सगळी वाडी जाते. पुढं दुसऱ्याची पाळी. काम ठरलं की हात लावायचा, एवढंच आम्हाला ठाऊक. पाऊस तर तोंडावर आलेला. आम्ही झऱ्याचीच पडकई घातली. गाळ उपसला, दगड रचले, भाकरी तिथंच खाल्ली. पाणी निवळलं.

ताई कॅमेरा घेऊन आल्या आणि बघतच राहिल्या.

"आजी, हे काय?"

"उरकलं की! तुमी यायच्या आत."

"अहो, झालेल्या कामाला ग्रँट मिळत नाही. आधी मंजुरी, मग काम!"

माझी जाऊ फटकळ. "मग पाडू का पुन्हा? मंजूर झालं की रचू."

धाकट्या दिरानं तर पहारच उचलली. "पाडू की राव, दगडंच तर हायेत."

अर्जावर अंगठा नाही, सही माझी होती, म्हणून सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी पाण्याकडं बघितलं. "ठेव ती पहार खाली. पानी आलंय, त्याला हात लावायचा न्हाई."

ताई ओंजळीनं पाणी प्यायल्या. मग म्हणाल्या, "खाली वाडीत टाकी आणि पाइप, ते अजून झालं नाही ना? त्याला मागू. पण तोवर कुदळ धरायची नाही हं!"

कुदळ न धरणं हेच आम्हाला लई जड गेलं. भात कापून झालं तरी मंजुरीचा पत्ता नव्हता. जाऊ झऱ्यावरून भरलेला हंडा आणायची, टाकीच्या जागेवर टेकवायची आणि मला विचारायची, "काय वो बाई, आता तरी खणू का?"

"बस गप," मी म्हणायची.