साडूने दवाखान्यात फोडलेली सुपारी

सुपारी फोडल्याशिवाय जगात कुठलीच गोष्ट पक्की होत नाही, सूर्यसुद्धा रोज कुणाशी तरी याद करूनच उगवत असणार, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी पाहिला आणि तो नेमका माझा साडू निघाला. आमच्याकडं लग्न ठरलं की दोन्हीकडची माणसं घोंगड्यावर बसतात, कुणी काय करायचं, कुणाचा काय मान राखायचा याची कलमं कागदावर लिहितात, खाली सह्या करतात आणि सुपारी फोडतात. त्या कागदाला याद म्हणतात. हे सगळ्यांच्यात चालतं. पण माझ्या साडूला लग्नावाचूनही याद लागायची. माझ्या बायकोच्या पोटात कॅन्सरची गाठ निघाली, मी तिला मुंबईला न्यायचं ठरवलं आणि हा माणूस कागद घेऊन मधे घुसला. ते सांगायला बसलोय. पण आधी माणूस सांगतो, नाहीतर मी खोटं लिहितोय असं वाटायचं. मी तिसरी शिकलेला असलो तरी खोटं लिहीत नाही.

त्याच्या एका खिशात सुपाऱ्या, दुसऱ्या खिशात घडी घातलेला फुलस्केप कागद आणि कानावर शाईची पेन्सील असायची. ती पेन्सील जिभेला लावून लिहायची सवय, त्यामुळं त्याची जीभ बारा महिने जांभळी. एकदा गारगोटीच्या बाजारात एका वैद्यानं ती जीभ बघून घाबरून त्याला तीन पुड्या दिल्या. यानं आधी वैद्याशी याद केली, मग पुड्या घेतल्या. आम्ही दोघं एसटीनं निघालो तर जाताना खिडकी कुणाची आणि येताना कुणाची यावर कागद व्हायचा. दोन भावांत एक म्हैस सामाईक ठेवायची होती तेव्हा यानं दोघांची कलमं लिहिली, आणि मग म्हशीपुढं जाऊन उभा राहिला. तासभर. शेवटी लिहिलं, "म्हशीस शेपटीला धरून ओढू नये." भाऊ म्हणाले, हे कुणी सांगितलं? हा म्हणाला, "जिची वाटणी, तिला इचारल्याबिगर मी लिहीत न्हाय." लग्नातसुद्धा तो बैठकीतून उठून थेट सैपाकघरात जायचा आणि नवरीला विचारायचा, "बाई, तुझं काय?" एका पोरीनं सांगितलं, मला दर नागपंचमीला माहेरी धाडायचं. बैठकीत दोन्हीकडचे म्हातारे खवळले. यानं कलम लिहिलंच, आणि वर जांभळी जीभ दाखवून हसला.

दवाखान्यात तो पहिल्यांदा गेला तो आमच्या कळंब्यातल्या कल्हईवाल्या चाचांना बघायला. चाचांना घशाचा कॅन्सर, आवाज गेलेला. त्यांची पोरं आणि डॉक्टर व्हरांड्यात कुजबुजत होते. साडूनं ते बघितलं आणि डॉक्टरची बाही धरली.

"नवरी आत खाटंवर हाय आणि याद व्हरांड्यात चाललीया व्हय?"

डॉक्टर तरणा होता, पुण्याकडचा. त्याला वाटलं हा कुणी वकील असावा, म्हणून तो गुमान आत आला. साडूनं खाटेशेजारी घोंगडं अंथरलं. डॉक्टर वरपक्ष, चाचा वधूपक्ष. चाचांच्या हातात जर्मनचा मग दिला. एक टोला म्हणजे व्हय, दोन म्हणजे न्हाय. मग घासाघीस सुरू झाली. डॉक्टर म्हणाला, दिवसाला सहा सुया. साडू म्हणाला, तीन. डॉक्टर म्हणाला, हा भाजीबाजार नाही. साडू म्हणाला, "म्हनून तर कागद घेतलाय." चाचांनी मगावर दोन टोले हाणले ते थांबेनातच. शेवटी चारवर तुटलं. नमाजाच्या वेळी सुई टोचायची नाही. जे काय असेल ते चाचांना सांगायचं, नुसतं पोरांना नाही. आणि रोज चमचाभर का होईना, सायीचा चहा. चाचांचा धाकटा भाऊ आपल्याला कुणी विचारलं नाही म्हणून रुसून बसला, तेव्हा त्याला टोपी आणि नारळ देऊन उठवावं लागलं.

मग सुपारी. साडूनं डॉक्टरचा गुडघ्यावर मारायचा रबरी हातोडा मागून घेतला. सुपारीवर तीनदा मारला, तिन्ही वेळा हातोडाच उडून कपाळाला लागला. शेवटी चाचांसकट खाट उचलून तिच्या पायाखाली सुपारी फोडली. तो आवाज ऐकून शेजारच्या वॉर्डातल्या बाया हळदीकुंकू घेऊन आल्या, कुणीतरी पेढे वाटले. तेवढ्यात मोठे डॉक्टर राउंडला आले. त्यांच्याही हातावर पेढा पडला. ते म्हणाले, "वा, अभिनंदन. नवरी कोण?" साडूनं चाचांच्या पांढऱ्या दाढीकडं बोट केलं. मोठे डॉक्टर पेढा खाऊन पुढच्या खाटेकडं गेले.

तरणा डॉक्टर मात्र संध्याकाळी तो कागद घेऊन बराच वेळ बसला होता. वीस दिवस तो चाचांना तपासत होता आणि यातलं एकही कलम त्याला ठाऊक नव्हतं. त्यानंतर कुणी फार आजारी असलं की तो शिपायाला सांगायचा, त्या सुपारीवाल्या पाहुण्यांना निरोप द्या. आणि माझा साडू, ज्याला शाळेच्या मास्तरनं दोनदा हाकललं होतं, तो वॉर्डात मुलूखगिरीला निघाल्यासारखा शिरायचा.

हे सगळं मला फार गमतीचं वाटायचं. माझ्या बायकोला तिथं ठेवलं तोपर्यंत.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. डॉक्टरनं मला सरळ सांगितलं, "मुंबईला नेलं तरी गाठ निघेल असं वाटत नाही. प्रवासाचे हाल मात्र नक्की होतील." मी म्हणालो, तुम्ही वाटून घेऊ नका, चिठ्ठी लिहा. बायकोला मी अल्सर म्हणून सांगितलं होतं. घरात माझा शब्द शेवटचा. तो तिनं तीस वर्षं मोडला नव्हता, निदान माझ्या देखत.

साडू आला, तसा मी दारातच अडवला. "हितं कुणाचं लगीन न्हाय. माघारी जावा."

"मी थांबतो की," म्हणाला, आणि जिन्यात जाऊन बसला. दोन दिवस बसला. चिरमुरे खायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला वॉर्ड दाखवायचा. तिसऱ्या दिवशी मी मुंबईचं तिकीट काढून परत आलो तर खाटेशेजारी घोंगडं पसरलेलं, डॉक्टर स्टुलावर आणि बायको उशीला टेकून बसलेली.

"बसा," ती म्हणाली. "तुमच्यासाठनंच थांबल्याती सगळी."

"तुला काय कळतंय ह्यातलं? साधा अल्सर हाय."

"अल्सरला कोन मुंबईला नेतंय? मला कवाच कळलंय. तुमास्नी सोसायचं न्हाय म्हनून गप बसले."

साडूनं पेन्सील जिभेला लावली. "कलम पयलं. अक्कांनी मुंबईस जायचं न्हाय."

"मला मान्य न्हाय," मी म्हणालो.

"पावणं, तुमी कुठल्या बाजूचं?"

"म्हंजे?"

"डॉक्टर वरपक्ष. अक्का वधूपक्ष. तुमी मधी कोन?"

"मी नवरा हाय तिचा."

"मग तिच्या बाजूला बसा की."

मला त्याच्या श्रीमुखात द्यावीशी वाटली. पण सगळा वॉर्ड बघत होता आणि उभं राहायलाही जागा नव्हती. मी खाटेवर तिच्या पायाशी बसलो. तिचे पाय इतके बारीक झालेत हे मी तोवर बघितलं नव्हतं. तिकीट खिशातच राहिलं.

पुढची कलमं भराभर झाली. तिला घरी जायचं होतं. दुखणं मात्र नको होतं, ते थांबवा, मग झोप लागली तरी चालेल. डॉक्टर म्हणाला, कळंब्यातला कंपाउंडर सायकलीवरून सकाळ-संध्याकाळ सुई द्यायला येईल. साडू म्हणाला, "घड्याळ बघून न्हाय. दुखलं की." डॉक्टरनं मान्य केलं. गडहिंग्लजच्या लेकीला बोलवायचं, पण रडणार नाही असं कबूल करवून.

"अजून काय, अक्का?"

"ह्यांनी भाकरी शिकायची. माझ्या देखत."

वॉर्डात कुणीतरी फिसकन हसलं. मी म्हणालो, जमणार नाही. मी भात शिकतो. ती म्हणाली, भातावर तुमचं पोट भरत न्हाय, भाकरीच. मी म्हणालो, गडी माणूस परातीपुढं बसला तर गाव काय म्हणेल? साडूनं तोड काढली, "दार लावून थापायची." डॉक्टरनं मान हलवली. ती तयार झाली. मी सही केली. माझी सही एरवी झोकात येते, त्या दिवशी नुसती रेघ आली.

तिनं घरी उन्हाळा काढला. खांबाला टेकून बसायची आणि मी दार लावून भाकरी थापायचो. पहिली म्हशीनं हुंगून सोडली. दुसरी तव्यावरनं चुलीत गेली. ती म्हणायची, "पीठ मळताय का कुनाला चितपट करताय?" आणि इतकी हसायची की दार लावल्याचा काही उपयोग उरायचा नाही, शेजारच्या बाया खिडकीत. हसून दुखायला लागलं की लेक सांगावा धाडायची आणि कंपाउंडर घंटी वाजवत यायचा. दीड महिन्यानं एक भाकरी फुगली. तिनं ती मोडून दोन घास खाल्ले. त्याच आठवड्यात, सकाळी चहा घेऊन, आपल्या घरात, आपल्या वाकळेवर ती गेली.

त्यानंतर साडू दर ऐतवारी माझ्याकडं यायला लागला. यायचा, माझ्या हातची भाकरी खायचा, कड जाड झाली म्हणायचा, मग आमचं भांडण जुंपायचं. उसावरनं, निवडणुकीवरनं, शेवटच्या एसटीपर्यंत. वर्षभर असं चाललं. एकदा मी वैतागून विचारलं, "पावणं, दर ऐतवारी हितं कशाला येताय? तुमच्या घरात भाकरी न्हाय?"

"अक्कांनी सांगिटलंय."

"मी सगळा कागद वाचलाय. त्यात न्हाय."

"तुमी वाचशिला म्हनूनच लिहू दिलं न्हाय त्यांनी."

तवा तापला होता, मी भाकरी टाकली.

साडू जाऊन आता बरीच वर्षं झाली. माझ्या भाकरीची कड आता बारीक येते, कुणीही येऊन बघावं. ऐतवारी मी दोन जास्तच थापतो आणि दार उघडं ठेवतो. जेवायला कुणी ना कुणी येतं. चांगली झाली म्हणतात, पाणी पितात आणि जातात. भांडत कुणी नाही.