कोरड्या नळांपुढचं ‘होय’

जाफराबाद तालुक्यातल्या एका गावात मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. देशानं शाश्वत विकासाची जी ध्येयं मान्य केलीत, ती आपल्या गावात कुठवर पोचली हे मुलांनीच तपासायचं, असा उपक्रम वरून आला. जालन्याला आमचं प्रशिक्षण झालं. मी अगदी हरखून परत आले.

सातवीच्या सहा मुली निवडल्या. त्यांची पुढारी होती एका मजूर बाईची मुलगी. अक्षर चांगलं, आणि ती कुणाला भीत नसे. शाळा सुटल्यावर त्या घरोघर फिरल्या. नळ आहे का, एवढं विचारून त्या थांबल्या नाहीत. प्रत्येक नळ उघडून पाहिला. वरच्या आळीत पाणी आलं. बुद्धविहारामागच्या वस्तीत, म्हणजे तिच्याच वस्तीत, एकजात सगळे नळ कोरडे निघाले. शाळेनं दिलेल्या माहितीच्या तक्त्यात तिनं तसंच लिहिलं.

तक्ते पाठवल्यावर केंद्रप्रमुखांचा फोन आला. ग्रामपंचायतीनं घरोघर पाणी पोचल्याचं आधीच कळवलंय, मुलींची माहिती त्याच्याशी जुळत नाही, म्हणाले. नळ आहे ना, मग ‘होय’ लिहा. माझ्या बदलीचा अर्ज त्यांच्या हातून वर जायचा होता. दुपारच्या सुट्टीत मी कोरे तक्ते घेतले आणि सगळीकडे ‘होय’ लिहिलं. मला कुणी धरून बसवलं नव्हतं.

सगळ्या शाळांच्या पाहणीचे अहवाल मांडायला जालन्याला कार्यक्रम ठरला, त्यात आमचा अहवाल तिनं वाचायचा होता. नव्या तक्त्यांवरून केलेला अहवालाचा कागद मी तिला जीपमध्ये दिला. तिनं तो दोनदा वाचला. व्यासपीठावर न अडखळता वाचला. टाळ्या झाल्या, प्रमाणपत्र मिळालं. खाली उतरून तिनं ते माझ्या हातात ठेवलं.

“मॅडम, माझी माय आजबी हिरीवरून पाणी आणून राह्यली. मंग आमी नळ कशाला उघडून पाह्यले?”

पुढच्या वेळी नीट करू, असं काहीतरी मी म्हणाले. परतताना ती मागच्या बाकावर मैत्रिणींत जाऊन बसली.

पुढच्या वर्षी ती आठवीसाठी दुसऱ्या शाळेत गेली. माझी बदली काही झाली नाही. पाहणी पुन्हा आली, तेव्हा मी नव्या सातवीला तक्ते वाटले. पहिल्या रांगेतली एक मुलगी पेन काढून शांतपणे म्हणाली, “काय लिहायचं ते सांगा मॅडम. घरोघर जायाची गरज न्हाई.”

वर्गात कुणी हसलं नाही. मी फळ्याकडे वळले आणि ‘होय’ लिहून दिलं.